जॉन व्हिटनी : तोफेच्या गणकयंत्रावर चित्रं काढणारा माणूस

लोलक (धागाकर्ता)

गेली ९ वर्षं मी व्हीएफएक्समध्ये, म्हणजे चित्रपटांच्या दृश्यकरामतींच्या कामात आहे. आधी रोटो (आकृती कापून वेगळ्या करणं), मग पेंट (नको ते पुसणं), आता कॉम्प (सगळे थर एकत्र जुळवणं). 'मोशन ग्राफिक्स' हा शब्द रोज दहादा कानावर पडतो. हा शब्द ज्याने १९६० साली स्वतःच्या कंपनीच्या पाटीवर लावला, त्याचं नाव मला या धंद्यात सात वर्षं काढल्यावर कळलं. त्याची खंत आहे, म्हणून हा धागा.

जॉन व्हिटनी. जन्म ८ एप्रिल १९१७, पॅसाडेना, कॅलिफोर्निया. तरुणपणी पॅरिसला गेला तो संगीतरचना शिकायला. संगीतकार शोनबर्गची बारा स्वरांची पद्धत त्याच्या डोक्यात पक्की बसली आणि एक प्रश्नही बसला, तो शेवटपर्यंत गेला नाही : स्वरांना जसं आपसातलं नातं असतं तसं डोळ्यांना दिसणाऱ्या हालचालीला का असू नये?

परत आल्यावर धाकटा भाऊ जेम्स आणि तो मिळून कामाला लागले. १९४३-४४ मध्ये त्यांनी 'फाइव्ह फिल्म एक्सरसाइझेस' केल्या. यातला आवाज कोणत्याही वाद्याचा नाही. फिल्मच्या कडेला ध्वनीची जी पट्टी असते, तिच्यावर प्रकाश पाडणारी फट त्यांनी बारीक तारांनी १२ लोलकांना जोडली. लोलक वेगवेगळ्या लांबीचे. ते झुलले की फट कमीजास्त उघडायची आणि ते झुलणं फिल्मवर उमटायचं. रेकॉर्डिंग चालू असताना खोलीत आवाज नाही! फिल्म धुऊन प्रोजेक्टरवर चढवल्यावरच पहिल्यांदा काय वाजतंय ते ऐकू येणार. १९४९ साली बेल्जियममधल्या प्रायोगिक चित्रपटांच्या स्पर्धेत या आवाजाला पारितोषिक मिळालं. माझं इथलं टोपणनाव त्या १२ लोलकांवरून घेतलंय.

युद्धाच्या काळात तो लॉकहीडच्या विमान कारखान्यात होता. विमानवेधी तोफांसाठी जी यंत्रं बनत होती ती पाहून त्याच्या लक्षात आलं की हे यंत्र गोळ्याचा मार्ग काढतं, म्हणजे वक्र काढतं. युद्ध संपल्यावर सैन्याने असली यंत्रं भंगारात काढली. व्हिटनीने एम-५ नावाचं एक यंत्र मिळवलं, पुढे त्याला एम-७ चे भाग जोडले. सगळं मिळून १२ फूट उंच धूड. तोफ वळवणारे दांडे त्याने कॅमेऱ्याला आणि खालच्या फिरत्या टेबलांना जोडले. टेबलावर काचेवर काढलेलं साधं चित्र, वर कॅमेरा, आणि दोघं दातेरी चाकांनी ठरवून दिलेल्या वेगवेगळ्या गतीने फिरतायत.

१९५८ च्या हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ची सुरुवात ज्यांनी पाहिली असेल त्यांना बाईच्या डोळ्यातून बाहेर येणारी ती गरगरणारी चक्रं आठवत असतील. नामावलीची रचना सॉल बासची, ती चक्रं व्हिटनीची. इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपवर लिसाजू वक्र पाहिले असतील, ती हीच जात : एक कंपन आडवं, एक उभं, आणि दोन्हींच्या मेळातून एक बिंदू फिरतो. सॉल बास सगळ्यांना माहीत आहे. व्हिटनीचं नाव मात्र मागेच राहिलं. माझ्या स्वतःच्या पहिल्या तीन चित्रपटांच्या श्रेयनामावलीत आमच्या टीममधल्या एकाचंही नाव नव्हतं, त्यामुळे हे मला जास्तच लागतं.

आयबीएमचा काळ वेगळ्या प्रतिसादात लिहितो.

---

निवृत्त_तोफखाना

लोलक, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी एल-७० या विमानवेधी तोफेवर नोकरी केली आहे, म्हणून या यंत्राबद्दल थोडं सांगतो.

उडत्या पाखरावर गोफण मारायची तर दगड पाखरावर सोडून चालत नाही, पाखरू जिथे पोचणार तिथे सोडावा लागतो. विमान ताशी ३६० किमी वेगाने जात असेल तर ते सेकंदाला १०० मीटर सरकतं. गोळ्याला पोचायला ४ सेकंद लागणार असतील तर तोफेचं तोंड विमानाच्या ४०० मीटर पुढे हवं. त्यात विमान तिरकं जातंय, उंची बदलतेय, वारा आहे. हा हिशेब डोक्यात होत नाही.

एम-५ हे मूळचं इंग्रजांचं केरिसन प्रेडिक्टर. ४० मिमी बोफोर्ससाठी अमेरिकेने तेच आपल्याकडे बनवलं. दोन जवान दुर्बिणीतून विमान धरून ठेवत चाकं फिरवायचे, एक आडव्या दिशेला, एक उभ्या. त्या चाकांच्या फिरण्याच्या वेगावरूनच यंत्राला विमानाचा वेग कळायचा. आत सगळी दातेरी चाकं आणि कॅम. कॅम म्हणजे मुद्दाम वेडावाकडा घडवलेला धातूचा तुकडा. तो फिरला की त्यावर टेकलेली दांडी वरखाली होते, आणि त्या वेडेवाकडेपणातच गणित कोरलेलं असतं. उत्तर आकड्यात यायचं नाही, दांड्याच्या फिरण्यात यायचं, आणि तोफ आपोआप वळायची. तोफेवरचे जवान फक्त गोळे भरत राहायचे.

असं यंत्र कोणी चित्रासाठी वापरलं हे मला आज पहिल्यांदा कळलं. फार बरं वाटलं.

---

शंका_विचारतो

माहिती उत्तम. पण एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. नेटवर जागोजाग लिहिलेलं असतं की 'व्हर्टिगो'मध्ये पहिल्यांदा संगणकाने केलेली चित्रं आली. दातेरी चाकांच्या यंत्राला संगणक म्हणायचं का? त्यात प्रोग्राम नाही, स्मृती नाही. मला वाटतं हे श्रेय ओढूनताणून दिलं जातं, आणि त्याने व्हिटनीचं खरं काम झाकलं जातं.

---

निवृत्त_तोफखाना

@शंका_विचारतो, आमच्याकडे त्याला गणकयंत्रच म्हणायचे, कारण ते गणित करतं. पण तुमचा मुद्दा रास्त आहे. एका कामासाठी घडवलेलं यंत्र ते. दुसरं काम हवं असेल तर उघडून चाकं बदलायची.

---

लोलक

दोघांचंही पटतंय. अॅनालॉग गणकयंत्र म्हणावं, तेवढंच. आणि व्हिटनीने चाकं बदललीच, वर्षानुवर्षं. त्या यंत्रावर काय काय होऊ शकतं याचे नमुने एकत्र करून त्याने १९६१ साली 'कॅटलॉग' नावाची फिल्म केली, आजच्या भाषेत शोरील. आपल्या 'मोशन ग्राफिक्स' कंपनीतून त्याने टीव्ही कार्यक्रमांची शीर्षकं, जाहिराती अशी पोटापाण्याची कामं केली. त्याआधी १९५९ मध्ये मॉस्कोच्या अमेरिकन प्रदर्शनात चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर जोडप्याने सात पडद्यांवर फिल्म दाखवली होती, त्यातही त्याची मदत होती. (हेच ते ईम्स दांपत्य ज्यांनी १९५८ चा 'इंडिया रिपोर्ट' लिहिला, आपल्या लोट्याचं भरभरून कौतुक केलं, आणि ज्यातून अहमदाबादची एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.)

आता आयबीएम. १९६६ मध्ये आयबीएमने त्याला निवासी कलाकार म्हणून घेतलं. वय ४९. इतकी वर्षं हाताने घडवलेलं यंत्र बाजूला ठेवून तो नव्याने शिकायला बसला. आयबीएममधल्या डॉ. जॅक सिट्रन यांनी फोरट्रान या संगणकभाषेवर आधारलेला प्रोग्राम तयार केला. सिस्टिम ३६० या संगणकावर गणित व्हायचं आणि २२५० नावाच्या एकरंगी पडद्यावर ठिपके उमटायचे. एकेक चित्र यायला काही सेकंद लागायचे, समोर फिल्मचा कॅमेरा लावलेला, एक चित्र एक फ्रेम. ८ सेकंदांच्या तुकड्याला जवळजवळ २०० फ्रेम. हाताशी आलेली काळीपांढरी फिल्म घरी नेऊन ऑप्टिकल प्रिंटरवर (एका फिल्मवरून दुसरी फिल्म छापणाऱ्या यंत्रावर) फिल्टर लावून रंगवायची, थरावर थर चढवून. यातून १९६८ चा 'पर्म्युटेशन्स' झाला.

मी हे वाचत होतो तेव्हा माझा एक शॉट रेंडरला होता, म्हणजे संगणक त्याची चित्रं तयार करत होता. फ्रेमला चार मिनिटं लागतायत म्हणून वैतागलो होतो. वैताग जरा निवळला.

---

मात्रा_सोळा

काल रात्री 'पर्म्युटेशन्स' पाहिला आणि झोप उडाली. पार्श्वभूमीला दक्षिण भारतीय संगीत आहे हे ऐकूनच उठून बसलो. मी तबला शिकतो, शिकवतोही थोडाफार. व्हिटनीची कल्पना मला जशी कळली तशी मांडतो, चुकलं तर सुधारा.

एका केंद्राभोवती ठिपके फिरतात. पहिला ठिपका एक फेरी करेपर्यंत दुसरा दोन करतो, तिसरा तीन, चौथा चार, असे पुढे. निघताना सगळे एका रेषेत. मग विस्कटतात, मळसूत्रासारखे वळतात, काही कळेनासं होतं, आणि अचानक नीट आकृती होऊन उभे राहतात. पुन्हा विस्कटतात. शेवटी सगळे परत एका रेषेत.

ही आपली लयकारी आहे हो! चार विद्यार्थी समोर बसवा. पहिला १६ मात्रांच्या त्रितालाचा ठेका ठायीत, म्हणजे मूळ संथ लयीत म्हणेल, दुसरा दुगुनीत (दुप्पट लयीत), तिसरा तिगुनीत, चौथा चौगुनीत. सगळे समेवर, म्हणजे टाळीच्या पहिल्या मात्रेवर निघाले. पहिला खालीवर, म्हणजे टाळी न देता हात बाजूला करतात त्या नवव्या मात्रेवर, पोचला की दुगुनवाला एक आवर्तन संपवून समेवर आलेला असतो. चौगुनवालाही समेवर, त्याची दोन आवर्तनं झाली. तिगुनवाल्याचं दीड झालं, म्हणजे तो खालीवर. दोन जण समेवर, दोन जण खालीवर! पडद्यावर अर्ध्या फेरीला हेच दिसतं : निम्मे ठिपके एका बाजूला, निम्मे बरोबर समोर, आणि मधून एक सरळ रेषा.

तिसऱ्या हिश्शाला तीन पाकळ्या, चौथ्याला चार. मधला जो गोंधळ आहे तो बैठकीत तिहाई (तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) सुरू झाल्यावर श्रोत्याच्या पोटात होतो ना, तसाच. आता कुठे पडणार? आणि समेला मान आपोआप हलते. मी एकटा बसून पडद्याकडे बघत मान हलवत होतो.

---

लोलक

मात्रा, तुम्ही हे इतकं नेमकं मांडलंय की मला अंगावर काटा आला. १९८० साली त्याने 'डिजिटल हार्मनी' हे पुस्तक लिहिलं, त्याचा गाभा हाच. त्याच्या मते स्वरसंवाद म्हणजे पूर्णांकांची गुणोत्तरं, पायथागोरसपासूनची. तीच गुणोत्तरं हालचालीत घातली तर डोळ्यालाही ताण आणि विसावा जाणवेल.

---

कॅनव्हास

त्याच सुमारास मुंबईत काय चाललं होतं तेही नोंदवतो. चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९-७० मध्ये 'सिझिजी' नावाची फिल्म केली. ११ मिनिटांची, मूक, काळीपांढरी. ठिपके, रेषा आणि संख्यांच्या नात्यातून वाढत जाणारे आकार. संगणक कुठला मिळणार, हजाराच्या घरात रेखाटनं हातानेच केली आणि अॅनिमेशनला राम मोहन होते. पदमसींनी फेलोशिपच्या पैशातून कलाकारांसाठी व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप चालवलं होतं, त्यातलं हे काम. व्हिटनीशी त्याचा संबंध जोडायचा माझा हेतू नाही. दोन टोकांना दोन माणसं एकाच प्रश्नाशी झगडत होती, हे मला फार जवळचं वाटतं.

---

ठिपक्यांची_रांगोळी

मला संगणकातलं काही कळत नाही, पण जॉनच्या धाकट्या भावाबद्दल, जेम्सबद्दल वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहिते.

जेम्सने 'यंत्र' नावाची फिल्म केली, नावही आपलंच. १९५७ ला पूर्ण झाली, त्यासाठी कितीतरी वर्षं लागली. ५ बाय ७ इंचांच्या कार्डांना टाचणीने भोकं पाडायची आणि त्या भोकांतून खालच्या कार्डावर रंग उतरवायचा. असे ठिपके, अशी कार्डं, एकामागून एक.

आमच्या आईकडे रांगोळीचा ठिपक्यांचा कागद होता. जुन्या कॅलेंडरच्या जाड पानावर पट्टीने खुणा करून पेटत्या उदबत्तीने भोकं पाडलेली. कागद जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी पसरून हात फिरवायचा, आणि कागद उचलताना श्वास रोखायचा. एक ठिपका हलला तर सगळी ओळ बिघडते. जेम्सच्या कार्डांबद्दल वाचताना मला उदबत्तीने करपलेल्या त्या कागदाचा वास आला.

पुढे त्याने 'लॅपिस' ही फिल्म भावाच्या यंत्रावर केली, १९६६ साली. ती पाहिली. शेकडो ठिपके मधून उमलतात आणि मिटतात, सोबत पंडित रविशंकरांची सतार. दहा मिनिटं मी जागची हलले नाही.

मात्रा, तुमचं ठिपक्यांचं गणित जमिनीवर मांडून बघता येईल का? नात सुट्टीला आली आहे.

---

मात्रा_सोळा

ताई, नक्की येईल. १२ वर्तुळं एकात एक काढा. प्रत्येक वर्तुळावर एक खडा. पहिला ५ अंश सरकवला की दुसरा १०, तिसरा १५, बारावा ६०. प्रत्येक वेळी मोबाईलवर वरून फोटो. ७२ फोटोंत फेरी पूर्ण.

---

फ्रेम२४

धागा वाचनखूण म्हणून साठवला. पुढच्या पिढीबद्दल थोडी भर.

स्लिट-स्कॅन : काळ्या पत्र्याला एक बारीक फट, तिच्यामागे उजेडातलं चित्र, आणि शटर उघडं ठेवून कॅमेरा फटीकडे सरकवायचा. त्याच वेळी चित्रही सरकतं. एका फ्रेमवर ती फट ताणली जाऊन प्रकाशाची भिंत होते. व्हिटनी आपल्या यंत्रावर हे करत होता. त्यापासून प्रेरणा घेऊन डग्लस ट्रंबुलने मोठं यंत्र उभारलं आणि कुब्रिकच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' या चित्रपटातला तो प्रकाशाचा बोगदा केला, १९६८ मध्ये.

१९७५ चा व्हिटनीचा 'अरॅबेस्क' ज्याने प्रोग्राम केला तो तरुण म्हणजे लॅरी क्यूबा. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये हल्ल्याआधी वैमानिकांना पडद्यावर डेथ स्टार या शत्रूच्या अवकाशस्थानकाच्या खंदकाचा रेषांचा नकाशा दाखवतात, तो क्यूबाने शिकागोच्या विद्यापीठातल्या संगणकावर केला.

आणि थोरला मुलगा जॉन व्हिटनी ज्युनिअर. १९७३ च्या 'वेस्टवर्ल्ड'मध्ये यंत्रमानवाला जग कसं दिसतं ते दाखवायचं होतं. ज्युनिअर आणि गॅरी डेमॉस यांनी फिल्म स्कॅन करून प्रत्येक फ्रेमचे चौकोनी ठोकळे केले. १० सेकंदांना सुमारे ८ तास लागत. पुढे याच दोघांनी डिजिटल प्रॉडक्शन्स काढली, क्रे एक्स-एमपी हा महासंगणक घेतला आणि १९८४ च्या 'द लास्ट स्टारफायटर'मधली सगळी अवकाशयानं त्यावर केली. कोणताही छोटा नमुना तयार न करता!

---

शंका_विचारतो

म्हणजे वडिलांनी ठिपके केले, मुलाने यानं. मला प्रामाणिकपणे वडिलांचा रस्ता जास्त अवघड वाटतो. यान खरं दिसलं की नाही हे कोणीही सांगेल. ठिपक्यांचा मेळ जमला की नाही हे ठरवायला करणाऱ्याचा कानच हवा.

---

लोलक

@शंका_विचारतो, तुमचं हे वाक्य मी आज डेलीज (रोजचे शॉट एकत्र पाहण्याची बैठक) झाल्यावर टीमला वाचून दाखवलं.

खऱ्यासारखं दिसणं हा आमचा धंदा आहे आणि मला तो आवडतो. तार पुसली, सावली बसली, शॉट अप्रूव्ह झाला की खूप बरं वाटतं. पण व्हिटनी शेवटपर्यंत दुसऱ्या गोष्टीमागे होता. ऐंशीच्या दशकात, सत्तरीला टेकलेला असताना, त्याने जेरी रीड या प्रोग्रामरबरोबर घरच्या संगणकावर चालणारं रचनासाधन तयार केलं. त्यात आकृती आणि स्वर एकाच वेळी रचता यायचे. पूर्वी फिल्म धुऊन येईपर्यंत वाट पाहायची, आता वाजवलं की लगेच दिसतंय! त्यावर त्याने 'मून ड्रम' ही मालिका केली, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कलेवरून सुचलेली. १२ लोलकांच्या त्या खोलीत आवाजच नव्हता, तिथपासून हा माणूस इथे पोचला. २२ सप्टेंबर १९९५ ला तो गेला.

---

ठिपक्यांची_रांगोळी

झालं एकदाचं!

मागच्या खोलीतल्या शहाबादी फरशीवर खडूने १२ वर्तुळं काढली, दोरी आणि खिळा घेऊन. खड्यांऐवजी चिंचोके घेतले, नातीने ते घासून चकचकीत केले. कोनमापक तिच्या कंपासपेटीतलं. ५ अंशांनी ७२ फोटो काढले आणि तिने फोनवर जोडले. जेमतेम ३ सेकंदांची फिल्म. आतले चिंचोके छान फिरत होते, पण बाहेरचा फिरेचना, नुसता उड्या मारत होता. नात म्हणाली, तो एका फोटोत ६० अंश जातो आजी, डोळ्याला कळणार कसं? मग २ अंशांनी करायचं ठरलं. १८० फोटो, प्रत्येक फोटोला १२ चिंचोके. दोन संध्याकाळी गेल्या, गुडघे बोलायला लागले, पण पोरगी थांबू देईना.

तिसाव्या फोटोला सहा पाकळ्या, दोन-दोन चिंचोक्यांच्या. छत्तिसाव्याला पाच, त्यातल्या दोन पाकळ्यांत तीन आणि उरलेल्यांत दोन. पंचेचाळिसाव्याला चार, अगदी तुळशीपुढच्या रांगोळीसारखा अधिकच्या चिन्हाचा आकार. साठाव्याला तीन. मधल्या फोटोंत मला वाटायचं आपण चुकलो, कुठेतरी मोजायचं राहिलं. पुढच्या दोन-तीन फोटोंत चिंचोके आपले आपण ओळीत यायला लागले की नात ओरडायची.

काल रात्री टीव्हीला जोडून सगळ्यांनी पाहिली, साडेसात सेकंदांची. पंधरावीस वेळा तरी पाहिली. मात्रा, तुमचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला होता. ती आता पहिल्या चित्राला टाळी देते, आणि नव्वदाव्याला, सगळे चिंचोके मधून सरळ रेषेत आले की हात बाजूला करून खाली दाखवते.